आमिनाखालाच्या भट्टीतल्या चार काचा

विभागातल्या भट्टीत मी शेंगा भाजल्या. हे कबूल केल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही. लपवण्यातही अर्थ नाही, कारण ज्यांना कळायला नको होतं त्यांना माझ्या वर्गातल्या रुद्राणीनं आधीच सांगून टाकलंय.

विभाग म्हणजे अंबाजोगाईतल्या आमच्या कॉलेजचा रसायनशास्त्र विभाग, आणि भट्टी म्हणजे जुन्या टीव्हीच्या खोक्याएवढी विजेची भट्टी. आत मातीचं अस्तर, अस्तरात तारांची वेटोळी. हजार अंशांपर्यंत तापते. शेंगांना एवढं लागत नाही हे मलाही ठाऊक होतं. उमापूरहून आईनं पाठवलेल्या ओल्या शेंगा होत्या, दीडशेवर ठेवल्या आणि चहाला गेलो. चहावर क्रिकेटचा विषय निघाला. परत आलो तेव्हा शेंगांचा कोळसा झाला होता आणि भट्टीच्या फटींतून तेलकट धूर येत होता. इथवरही निभावलं असतं. पण पुरावा मिटवायच्या घाईत मी ओलं फडकं घेऊन तापलेलं अस्तर पुसायला गेलो. टण्ण असा आवाज झाला, अस्तर आडवं तडकलं आणि आतली तार तुटून लोंबायला लागली.

"केदार," रुद्राणी दारात उभी होती, "मेलास तू."

दुरुस्ती पुण्याला, वीस दिवस. रुद्राणीकडे नऊ होते.

दहाव्या दिवशी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतले एक पाहुणे आमच्या विभागात येणार होते. त्यांना त्यांच्या प्रयोगशाळेसाठी एक विद्यार्थी हवा होता. रुद्राणीचा प्रयोग त्यांच्यासमोर चालला तर ती जाणार, नाही चालला तर तिथं दुसऱ्या गावचं कुणीतरी जाणार. तिचे वडील मन्मथप्पा यांचं किराणा दुकान आहे. त्यांनी पोरीसाठी नवी बॅगसुद्धा आणून ठेवली होती आणि गिऱ्हाइकांना दाखवून झाली होती. आणि त्या प्रयोगाची पहिली पायरी होती काच साडेचारशे अंशांवर भाजणं.

मग मी तीन दिवस तोंड लपवून फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या मागच्या गल्लीतून टोस्टचा वास आला आणि मला आमिनाखाला आठवली.

आमिनाबी साऱ्या गल्लीची खाला, म्हणजे मावशी; तिची बेकरी गल्लीच्या तोंडाशी आहे. पाटीवर अजून 'रहमतुल्ला बेकरी' असंच आहे. रहमतुल्ला तिचा नवरा, अकरा वर्षांमागं वारला. विटांची घुमटाची भट्टी, आत बाभळीची लाकडं पेटवायची, निखारे बाजूला ओढायचे आणि तापलेल्या फरशीवर पाव सोडायचे. खाला साठीची असेल. ठेंगणी, हातावर जुन्या चटक्यांचे डाग, बोलणं फटकळ. बाईच्या तोंडी 'बे' शोभत नाही असं एकदा कुणी म्हणालं, तर तिनं त्याला "गप बे" म्हटलं आणि टोस्ट मोजून दिले.

"कावून आला बे सकाळी सकाळी?"

"खाला, जरा काच भाजायची होती."

"खायची हाय का?"

"न्हाई."

"मग माझ्याकडं कावून आणली? हितं खायचं भाजत्यात."

मी इलेक्ट्रॉनपासून सुरुवात केली आणि तिनं माझ्याकडं पाठ करून पाव काढायला सुरुवात केली. संध्याकाळी रुद्राणीलाच घेऊन गेलो. ती शहाणी. तिनं खालाच्या पायांपासून सुरुवात केली.

"खाला, तुमच्या पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टर ती लाल सुई देतात ना?"

"हौ. दर जुम्म्याच्या आदल्या दिवशी."

"ते बी-ट्वेल्व्ह. जीवनसत्त्व हाय. त्याच्या पोटात मधोमध एका धातूचा कण असतो, कोबाल्ट. त्याच्यामुळं लाल दिसतं."

"या अल्ला, माझ्या अंगात लोखंड टोचत्यात?"

"लोखंड न्हाई, त्याचा भाऊ."

"भाऊ असला तरी विचारून टोचावं."

मग रुद्राणीनं सगळं सांगितलं, ते मी इथं थोडक्यात सांगतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात एक पावडर असते, टायटॅनियमची. तिची लापशी करून काचेवर पातळ थर द्यायचा आणि भाजायचा, म्हणजे पावडरीचे कण एकमेकांना आणि काचेला धरून बसतात. मग त्यावर ते लाल जीवनसत्त्व चढवायचं. पण मूळ जीवनसत्त्व काचेवर टिकत नाही, धुऊन जातं. म्हणून रुद्राणीनं ते सहा आठवडे खपून, आम्लात घालून, त्याच्या अंगच्या फांद्या छाटून त्याला थराला धरता येईल असं केलं होतं. एवढ्या खटपटीतून अंगठ्याएवढ्या बाटलीत निघालं ते चार काचांपुरतं.

"आता त्यावर ऊन पडलं," रुद्राणी म्हणाली, "की पांढऱ्या पावडरीतला विजेचा एक बारका कण उठतो आणि शेजारच्या लाल औषधात उडी घेतो. त्याला इलेक्ट्रॉन म्हणतात. उडी पडली की लाल तपकिरी होतं. अजून एक पडली की हिरवट."

"आन् मग तसंच ऱ्हातं?"

"हवा लागेपर्यंत. हवा तो कण काढून घेते. परत लाल."

खालानं पदराला हात पुसले. "म्हंजे नव्या नवरीवानी. दार उघडं दिसलं की माहेरी."

"बरोबर. दार बंद ठेवणं हाच निम्मा प्रयोग हाय."

"आन् ह्याचा उपयोग काय?"

"हिरवट झालेलं ते औषध फवारणीच्या विषातलं क्लोरीन तोडून काढतं. विहिरीचं पाणी साफ करायला उद्या कामी येईल."

"उद्या?"

"उद्या म्हंजे वीसेक वर्षांनी," मी म्हणालो.

"मग घाई कसली हाय? आन् कॉलेजात भट्टी न्हाई का?"

रुद्राणीनं माझ्याकडं पाहिलं. नंतर तिनं शेंगांची गोष्ट सांगितली, फडक्यासकट. खाला हसता हसता पिठाच्या पोत्यावर बसली. त्या दिवसापासून मी केदारनाथ राहिलो नाही, मी 'शेंगा' झालो. "ए शेंगा, ते लाकूड इकडं दे." तिचा मुलगा मुस्तकीम माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तोही हेच म्हणायला लागला.

आता साडेचारशे अंश लाकडाच्या भट्टीत कसे ओळखायचे? मी मोडलेल्या भट्टीतली तापमान मोजायची तार काढून आणली होती, मीटरसकट. खालानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू मी एखादा भोंदू वैद्यच सोबत आणलाय.

तिची रीत वेगळी. भट्टी पेटली की घुमटाचं छत आधी काजळीनं काळं होतं. ताव वाढत गेला की एका क्षणी ती काजळीच जळून जाते आणि छत मधूनच पांढरं व्हायला लागतं. खाला म्हणते, "आभाळ धुतलं." तेव्हा पाव टाकला तर कोळसा. म्हणून ती थांबते, निखारे ओढते, फरशीवर ओलं पोतं फिरवते आणि चिमूटभर मैदा आत फेकून मोजते. आकडे नाही मोजत. "जिनत... आयशा... मुस्तकीम... गुफरान..." जिनतवर मैदा काळा पडला तर अजून थांबायचं. आयशा संपता संपता तांबूस झाला तर पाव. मुस्तकीमवर टोस्ट. गुफरानपर्यंत तग धरला तर नानकटाई.

जिनत आणि आयशा या तिच्या पोरी लग्न होऊन गेल्या, मुस्तकीम समोर होता. मी सहज विचारलं, "गुफरान काय करतो खाला?"

"तो दीड वर्साचा असताना गेला." तिनं पुन्हा चिमूट घेतली. "म्हून काय गिनती मोडायची?"

मी मीटर खाली ठेवला आणि लाकडं पुढं करायला लागलो.

ही विद्या तिला कुणी शिकवली नाही. ती आष्टीची, बाप हातगाडीवर फळं विकायचा. लग्न होऊन आली तेव्हा भट्टीपाशी बाईनं उभं राहायचं नाही असा रिवाज होता. ती मागं उभी राहून कणीक मळायची. पुढं रहमतुल्लाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. छत काळं की पांढरं त्याला दिसेना. हे गावाला सांगायची त्याला लाज. मग ती मागून हळूच म्हणायची, "अब." आणि तो पाव सोडायचा. नऊ वर्षं असं चाललं. गाव म्हणायचं, रहमतुल्लामियांची नजर म्हणजे नजर! तो वारल्यावर दोघातिघांनी येऊन भट्टी विकायचा सल्ला दिला. तिनं त्याचा चाळिसावा दिवस होऊ दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. पाव निघाला तो जसाच्या तसा. तेव्हा गावाला कळलं की नऊ वर्षं पाव कोण भाजत होतं.

"मग पाटी बदला ना," मी म्हणालो.

"कावून? पाव काय पाटी भाजती?"

पहिली चाचणी आम्ही कोऱ्या काचेवर घेतली. छत पांढरं झालं, खाला म्हणाली, "हं." माझा मीटर म्हणाला, तीनशे दहा.

"खाला, कमी हाय."

"तुझ्या घड्याळाला सर्दी झालीय."

"मशीन खोटं बोलत न्हाई."

"मशीन न्हाई, मशीन धरणारा बोलतो. तार कुठं टेकवली बघ."

तार टेकली होती तिनं नुकतंच ओलं पोतं फिरवलेल्या जागी. पलीकडं सरकवली तर काटा चढत चढत चारशे छप्पनवर थांबला. खालानं निखारे सारखे केले. बोलायचं ते मुस्तकीम बोलला. त्या भरात मी काच पाव काढतात तशी झटकन बाहेर काढली आणि तिचे टणकन तीन तुकडे झाले.

"काच आन् रागावलेला माणूस," खाला म्हणाली, "दोघांना दाराशी बसवून निववायचं. एकदम भाईर काढलं की तडकत्यात. फडक्यानं शिकला न्हाईस का बे?"

खरा दिवस उजाडला तेव्हा पाहुणे यायला दोनच दिवस उरले होते. शिवाय दिवाळीचा आठवडा. या आठवड्यात आमच्याकडं घराघरातून रवा, तूप, साखर मळून, नानकटाईचे गोळे ट्रेमध्ये लावून बेकरीत भाजायला देतात. प्रत्येक ट्रेवर कागद झाकायचा आणि त्यावर चिठ्ठी. चिठ्ठीवर घरातल्या पोरीचं नाव, कारण ट्रे पोचवायला आणि न्यायला बहुतेक पोरीच येतात.

पहाटे पाचला रुद्राणी चार काचा घेऊन आली. आदल्या रात्री तिनं लापशी काचेच्या दांडीनं एकसारखी ओढली होती. खालानं थर बोटभर अंतरावरून पाहिला. "पाटवडी अशी थापता येती का तुला?"

"न्हाई."

"मग तुझी आई बरोबर बोलती, पोरीला सैपाक येत न्हाई म्हून."

राख उडून थरावर पडू नये म्हणून तिनं काचांवर मातीचं परळ पालथं घातलं. आधी भट्टीच्या तोंडाशी ठेवलं, मग हळूहळू आत सारलं. आभाळ धुतलं गेलं, काचा बरोब्बर त्याच्याखाली. मी मोबाईलवर अर्धा तास लावला. खाला स्टुलावर पाय चोळत बसली, नजर छतावर. अर्ध्या तासात तिनं तीनदा निखारे इकडचे तिकडे केले. मीटर साडेचारशेच्या आसपास जरा मागं-पुढं हलत राहिला. नंतर दोन तास ते परळ ती वीत वीत दाराकडं ओढत होती, बाजूनं पावाच्या लाद्या आत-बाहेर चालू होत्या. साडेआठला काचा कोमट झाल्या. दुधासारखा पांढरा थर, एक ओरखडा नाही. रुद्राणीनं त्या ट्रेमध्ये ठेवल्या, कागद झाकला, चिठ्ठी लावली, 'रुद्राणी', आणि ती पुढं विभाग उघडायला गेली. ट्रे आणायचं एवढं एकच काम माझ्याकडं होतं.

मी अंघोळ करून आलो. फळीवरचा 'रुद्राणी' ट्रे उचलला. विभागात जाऊन कागद काढला. आत छत्तीस नानकट्या. वर पिस्ते.

रुद्राणी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आईनं पण ट्रे दिलता. माझ्याच नावानं."

तिच्या घरापर्यंत आम्ही धावत गेलो. मी तिच्या दोन पावलं मागंच राहत होतो, तिथं सुरक्षित वाटत होतं. तिची आई गंगासागरबाई ओट्यापाशी होत्या.

"आई, ट्रे?"

"अगं काय सांगू! मुस्तकीमनं दुसऱ्याच कुणाचा दिला. नानकटाई न्हाई न् काही न्हाई, नुसत्या चार काचा. तुझं नाव म्हणून ठेवून घेतल्या. सगळं पीठ चिकटलेलं. म्हटलं धुऊन तरी ठेवावं."

रुद्राणी भिंतीला टेकली. "धुतल्यास?"

"धुतल्या की. नळाखाली धरल्या, फडक्यानं पुसल्या. पण मेलं ते पीठ काही निघंना! शेवटची तर तारेच्या घासणीनं घासली, तवा कुठं जरा खरवडलं."

रुद्राणी आईकडं बघतच राहिली. "निघंना?"

"न्हाई ना. कसलं पीठ वापरत्यात कुणास ठाऊक."

ओट्यावर चार काचा उभ्या वाळत होत्या. एकीवर घासणीच्या रेघा. उरलेल्या तीन जशाच्या तशा. रुद्राणी खाली बसली आणि हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, मग परत हसायला. गंगासागरबाईंनी मला विचारलं, "हिला काय झालं?" मी सांगितलं ते असं, की थर कच्चा भाजला असता तर नुसतं बोट लावलं तरी पावडर निघाली असती. तुमच्या नळाखाली टिकला म्हणजे खालानं तो पक्का भाजला.

"मग घासणीनं सगळ्याच घासते, खात्री होईल," त्या म्हणाल्या. रुद्राणीनं काचा उचलून पोटाशी धरल्या.

तीन काचांवर लाल औषध चढलं. डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग आला. पाहुणे आले ते बारीक चणीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. आमच्या सरांनी त्यांच्यासाठी हार आणला होता, तो त्यांनी हातातच धरला. रुद्राणीनं पहिली काच मिथेनॉलच्या बंद नळीत घालून गच्चीवर उन्हात ठेवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लाल ते लालच. सर घड्याळ बघायला लागले. मी गच्चीच्या कठड्याकडं बघायला लागलो.

"बूच," रुद्राणी स्वतःशी म्हणाली. "हवा शिरतेय."

तिनं दुसरी नळी घेतली. आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडून आतली हवा हाकलायला सांगितल्यापेक्षा दुप्पट वेळ लावला. पाहुण्यांपुढं घाई केली नाही. बुचाला ग्रीस लावलं, वरून पट्टी गुंडाळली. मला म्हणाली, "तू हात लावू नकोस." आणि नळी उन्हात ठेवली.

दोन मिनिटांत कडा मळकट दिसायला लागल्या. मग डाळिंबाची चिंच झाली. पाहुणे उकिडवे बसले. आणखी बऱ्याच वेळानं त्या तपकिरीच्या मधोमध हिरवट झाक आली, शेवाळ्यासारखी. रुद्राणीनं बूच काढलं. हिरवट गेलं, तपकिरी गेलं, पुन्हा लाल.

"थर फार एकसारखा आहे," पाहुणे म्हणाले. "कोणती भट्टी वापरलीत?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी रुद्राणीकडं.

"आमिनाबीची," ती म्हणाली. "पावाची भट्टी आहे, सर."

"तापमान कसं राखलंत?"

"छत बघून."

त्यांना वाटलं चेष्टा चाललीय. मग तिनं सगळं सांगितलं, मीटरचे आकडे दाखवले, आईच्या घासणीची काचही दाखवली. त्यांनी रेघांवरून नख फिरवलं आणि बराच वेळ तीच काच बघत राहिले. शेवटी म्हणाले, "जानेवारीच्या पाच तारखेला ये. आणि आधी मला ती भट्टी दाखवा."

बेकरीत गर्दी होती. खालानं वळूनही न बघता सांगितलं, "नंबर लावा." हैदराबादचे पाहुणे दोन पोरींच्या आणि एका रव्याच्या डब्याच्या मागं उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, साडेचारशे अंश तुम्ही नेमके कसे ओळखता?"

"छत धुतलं की. तुमी कसे ओळखता?"

"काट्यावर."

"आन् काटा बिघडला की?"

पाहुणे म्हणाले, "मग वीस दिवस थांबतो." मुस्तकीम फिस्सकन हसला. खालानं त्यांच्या हातावर एक गरम टोस्ट ठेवला.

ते गेल्यावर मी ऐटीत विचारलं, "खाला, भाजणावळ किती झाली?"

"नानकटाईची किलोवर असती. काचेचा भाव मला ठाऊक न्हाई." तिनं पाय लांब केले. "पैसे नक्को. एक पहाट दे. चारला येऊन लाकडं लाव, आभाळ धुईस्तोवर बस, मग मला उठव. सतराव्या वर्षी ह्या घरात आले, तवापासून चारच्या पुढं झोपले न्हाई बे. एक डाव सूर्य वर आल्यावर उठून बघायचंय, कसं लागतं."

"बस एवढंच? उद्याच येतो," मी म्हणालो.

रुद्राणी जानेवारीत गेली. बॅगेचं चाक स्टँडवरच निघालं, ते मन्मथप्पांनी सुतळीनं बांधलं. आता ती फोनवर सांगते की तिकडच्या भट्टीला काचेचं दार आणि हिरवे आकडे आहेत, आणि काचा कधीकधी तडकतात.

मी अजून इथंच आहे. थंडी होती तोवर पहाटे न उठायला थंडीचं कारण होतं. मग परीक्षा आली. परवा मुस्तकीम दुकानात भेटला आणि म्हणाला, "अम्मीनं निरोप दिलाय. शेंगाला म्हणावं, चार म्हंजे सकाळचे."

गजर लावलाय. कालही लावला होता.